अवघड गरोदरपणात कॅलिफोर्नियातील डिसॅबिलिटी वेतन कसे मिळवावे

कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्या गरोदर स्त्रीला प्रसूतीच्या तारखेआधी चार आठवडे आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे, सिझेरियन झाल्यास आठ आठवडे, राज्याकडून अंशतः वेतन मिळते, एवढे बहुतेकींना मैत्रिणींकडून कळलेले असते. परंतु तिसऱ्याच महिन्यात उलट्यांनी अंथरूण धरावे लागले, रक्तदाब वाढला, वार खाली असल्याने रक्तस्राव सुरू झाला किंवा सातव्या महिन्यात अकाली कळा येऊ लागल्या, तर हेच वेतन कितीतरी आधीपासून मिळू शकते आणि गरज पडल्यास ते ५२ आठवड्यांपर्यंत चालू राहू शकते, हे फार थोड्या जणींना ठाऊक असते. माझे दुसरे गरोदरपण असेच कठीण गेले. त्या काळात जी माहिती तुकड्यातुकड्याने गोळा करावी लागली, ती येथे क्रमाने मांडत आहे.

हा लेख केवळ कॅलिफोर्नियापुरता आहे. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, ऱ्होड आयलंड आणि हवाई या राज्यांतही अशा योजना आहेत, पण त्यांचे नियम, मुदती आणि रकमा वेगळ्या आहेत. न्यू जर्सीतील एडिसनमध्ये राहणाऱ्या बहिणीचा सल्ला कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटमध्ये लागू पडेलच असे नाही.

१. आपण या विम्यात आहात का, ते आधी पाहा

ही योजना स्टेट डिसॅबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे एसडीआय, या नावाने ओळखली जाते आणि ती राज्याचा एम्प्लॉयमेंट डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे ईडीडी, हा विभाग चालवतो. तिचा सगळा पैसा कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापला जातो. २०२५ मध्ये ही कपात १.२ टक्के होती, आणि १ जानेवारी २०२४ पासून तिला पगाराची कमाल मर्यादाही उरलेली नाही. त्यामुळे दावा करताना संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. दर पगाराला हप्ता आपणच भरलेला असतो.

पगाराच्या पावतीवर ‘सीए एसडीआय’ अशी कपात दिसते का, ते पाहा. डब्ल्यू-२, म्हणजे मालकाकडून मिळणारा वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला, हाताशी असेल तर त्याच्या १४ व्या रकान्यात ती साधारणपणे नोंदलेली असते. तेथे ‘व्हीपीडीआय’ असे लिहिलेले आढळले, तर आपल्या कंपनीने राज्याच्या योजनेऐवजी स्वतःची ऐच्छिक योजना घेतलेली आहे. अशा योजनेतील लाभ कायद्याने राज्याच्या योजनेपेक्षा कमी असू शकत नाहीत, पण अर्ज ईडीडीकडे न करता कंपनीने नेमलेल्या संस्थेकडे करायचा असतो. बे एरियातील अनेक मोठ्या कंपन्यांची अशी योजना असल्याने, अर्जाला बसण्यापूर्वी एचआरला हा एक प्रश्न अवश्य विचारावा. चुकीच्या दारात अर्ज पडून राहिला की मुदतीतले आठवडे हकनाक खर्ची पडतात.

केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांना आणि काही सरकारी कर्मचाऱ्यांना ही योजना लागू नसते. स्वतःचा व्यवसाय असलेल्यांनी आधीच ऐच्छिक विमा घेतला असेल तरच लाभ मिळतो. नोकरी नुकतीच सुटली असेल आणि आपण खरोखर नवे काम शोधत असाल, तर मात्र दावा करता येतो.

२. रजा आणि वेतन यांची गल्लत करू नका

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. एसडीआय पैसे देते, नोकरी राखून ठेवत नाही. नोकरी राखणारा कायदा निराळा आहे. त्याला प्रेग्नन्सी डिसॅबिलिटी लीव्ह, म्हणजे पीडीएल, म्हणतात. ईडीडीने दावा मंजूर केला म्हणून कंपनीने रजा मंजूर केली असे होत नाही, आणि कंपनीने रजा दिली म्हणून ईडीडीचे पैसे आपोआप सुरू होत नाहीत. दोन्हीकडे स्वतंत्रपणे कळवावे लागते.

पाच किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक मालकाला पीडीएल लागू आहे. नोकरीला किती दिवस झाले याची त्यात अट नाही, म्हणजे गेल्याच महिन्यात रुजू झालेल्या स्त्रीलाही तिचा हक्क आहे. डॉक्टरांच्या मते गरोदरपणामुळे काम करणे शक्य नसेल तेवढा काळ, कमाल चार महिने, ही रजा मिळते. ती सलगच घेतली पाहिजे असेही नाही. सकाळच्या उलट्यांमुळे काही तास किंवा तपासणीसाठी अर्धा दिवस अशीही ती घेता येते. या काळात कंपनीला आपला आरोग्य विमा पूर्वीच्याच अटींवर चालू ठेवावा लागतो, आणि परत आल्यावर तेच पद मिळेल अशी लेखी हमी आपण मागितल्यास ती द्यावी लागते. ही हमी मागाच.

खरी अडचण लांबलेल्या आजारपणात येते. एसडीआय ५२ आठवड्यांपर्यंत चालू शकते, पण पीडीएल चार महिन्यांत, म्हणजे सुमारे सव्वासतरा आठवड्यांत संपते. एखादी स्त्री चौथ्या महिन्यापासून बेड रेस्टवर असेल, तर तिची पीडीएल प्रसूतीच्या आधीच संपून जाईल. बाळासोबत राहण्यासाठीची १२ आठवड्यांची सीएफआरए रजा वेगळी असते आणि ती बाळ झाल्यानंतरसाठी असते. कंपनीने स्वखुशीने ती आधी दिली तर गोष्ट निराळी. मधल्या खिंडारासाठी, आजारपणातील सोय म्हणून वाढीव रजा मागता येते. राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यानुसार कंपनीला अशा मागणीचा गांभीर्याने विचार करावा लागतो. मात्र ही मागणी चार महिने संपण्याच्या कितीतरी आधी, लेखी आणि डॉक्टरांच्या पत्रासह केलेली बरी.

सीएफआरएसाठी कंपनीत किमान १२ महिने आणि मागील १२ महिन्यांत १,२५० तास काम झालेले असावे लागते. केंद्राचा एफएमएलए कायदा ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना लागू असून तो पीडीएलच्या बरोबरच चालतो, त्यामुळे त्याचे आठवडे वेगळे मिळतील असे धरू नये.

३. डॉक्टरांना सगळे सांगा, आणि आकड्यांत सांगा

पैसे मिळतील की नाही हे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर ठरते, आणि प्रमाणपत्र तपासणीच्या नोंदींवर आधारलेले असते. आपल्याकडे गरोदरपणातील त्रास डोहाळे म्हणून सोडून देण्याची सवय आहे. आई, सासूबाई, आत्या, सगळ्यांनी ते भोगलेले असते आणि ‘सगळ्यांनाच होतं गं’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ असे विचारल्यावर आपण ‘ठीक आहे’ म्हणून मोकळ्या होतो. नोंदीतही मग ‘ठीक’ असेच उतरते.

त्याऐवजी छोटी वही ठेवावी. दिवसातून किती वेळा उलटी झाली, पोटात पाणी तरी टिकते का, वजन किती घटले, चक्कर केव्हा आली, किती वेळ बसून काम करता आले, रक्तदाबाचे घरी घेतलेले आकडे, रक्तस्राव कोणत्या दिवशी झाला, हे सर्व तारखेसह लिहावे आणि तपासणीच्या वेळी वाचून दाखवावे. त्याचबरोबर आपले काम नेमके काय आहे तेही सांगावे, कारण कायद्यातील कसोटी ‘नेहमीचे काम करता येते का’ ही आहे. दिवसभर उभे राहणारी फार्मसिस्ट, रुग्णांना उचलणारी परिचारिका आणि घरून संगणकावर काम करणारी प्रोग्रॅमर यांच्यासाठी एकाच आजाराचा अर्थ वेगळा होतो. घरून काम असले तरी तासातासाला उठून बाथरूम गाठावे लागत असेल, किंवा डॉक्टरांनी डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितले असेल, तर तेही काम करता न येण्याचेच कारण आहे.

काम थांबल्यापासून पहिल्या आठ दिवसांच्या आत आपण परवानाधारक डॉक्टर किंवा तत्सम अधिकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या उपचाराखाली असणे आवश्यक आहे. म्हणून पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे म्हणून थांबू नका, लवकरची वेळ मागून घ्या.

गर्भपात झाल्यास किंवा बाळ हाती न लागल्यास त्यातून सावरण्याच्या काळासाठीही हे वेतन आणि पीडीएल दोन्ही लागू होतात. त्या प्रसंगी हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवते.

४. रक्कम आणि आधारकाळाचा हिशेब करा

साप्ताहिक रक्कम आधारकाळातील सर्वाधिक कमाईच्या तिमाहीवरून ठरते. २०२५ पासून ती पगाराच्या ७० ते ९० टक्के आहे. कमी पगार असलेल्यांना ९० टक्के आणि मध्यम किंवा जास्त पगार असलेल्यांना ७० टक्के मिळतात, तर २०२५ मधील कमाल साप्ताहिक रक्कम १,६८१ डॉलर होती. ही मर्यादा दर जानेवारीत बदलते. उदाहरणार्थ, सर्वाधिक तिमाहीत २६,००० डॉलर कमावले असतील तर आठवड्याला २,००० डॉलर होतात आणि त्याचे ७० टक्के म्हणजे १,४०० डॉलर मिळतील.

आधारकाळ म्हणजे सुमारे पाच ते १८ महिन्यांपूर्वीचे १२ महिने. दावा जानेवारी ते मार्चमध्ये सुरू झाला तर आधीच्या ३० सप्टेंबरला संपलेले वर्ष, एप्रिल ते जूनमध्ये असेल तर ३१ डिसेंबरला संपलेले, जुलै ते सप्टेंबरमध्ये ३१ मार्चला संपलेले, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ३० जूनला संपलेले वर्ष धरतात. त्या काळात एसडीआय कापलेला किमान ३०० डॉलर पगार मिळालेला असावा लागतो.

नव्याने आलेल्यांसाठी येथे दोन खाचखळगे आहेत. समजा, एखादी जानेवारी २०२५ मध्ये टेक्सासहून किंवा थेट पुण्याहून येऊन येथे रुजू झाली आणि मे महिन्यात तिला काम थांबवावे लागले. तिचा आधारकाळ २०२४ चे वर्ष, आणि त्यात कॅलिफोर्नियाचा पगार शून्य. तोच दावा १ जुलैपासून सुरू झाला असता तर जानेवारी ते मार्चचा पगार त्यात आला असता. अशा वेळी आजारपण चालूच असेल तर दाव्याची सुरुवात पुढच्या तिमाहीत धरता येईल का, हे अर्ज करण्यापूर्वी ईडीडीला विचारावे. दुसरी गोष्ट अशी की, एकूण मिळणारी रक्कम आधारकाळातील एकूण पगाराहून जास्त होऊ शकत नाही. वरच्या उदाहरणात आधारकाळात फक्त एका तिमाहीचेच २६,००० डॉलर असतील, तर १,४०० डॉलरप्रमाणे ते साडेअठरा आठवड्यांत संपतील.

पहिले सात दिवस प्रतीक्षेचे असतात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. त्या आठवड्यासाठी आजारपणाची रजा राखून ठेवावी. नंतरच्या काळात कंपनी आजारपणाची रजा लावून उरलेली तफावत भरून देऊ शकते, पण दोन्ही मिळून नेहमीच्या पगारापेक्षा जास्त होता कामा नये.

५. कागदपत्रे आणि माहिती जमवा

सोशल सिक्युरिटी क्रमांक, कॅलिफोर्नियाचे ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्र, पासपोर्ट, मालकाचे पगारपत्रकावर असलेले अधिकृत नाव आणि पत्ता, कामाचा शेवटचा दिवस, आजारपणाची रजा किंवा पीटीओ (भरपगारी रजा) मिळत असल्यास त्याच्या तारखा, आणि डॉक्टरांचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक, एवढे हाताशी असावे.

नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्या नावात मधले नाव म्हणून वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. ते पासपोर्टवर एका रकान्यात, लायसन्सवर दुसऱ्याच ठिकाणी, सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरच्या आडनावासह आणि पगारपत्रकावर मुळीच नाही, अशी स्थिती सर्रास आढळते. ओळख पडताळणारी यंत्रणा एवढ्याशा फरकावर अडते. ऑनलाइन पडताळणी होत नसेल तर त्यातच दिवस न घालवता डीई २५०१ हा छापील अर्ज मागवून भरावा.

६. अर्ज भरा

मायईडीडी खाते उघडून, आयडी.मी या सेवेद्वारे ओळख पडताळून, एसडीआय ऑनलाइनमध्ये जायचे. काम थांबल्यापासून नऊ दिवस होण्यापूर्वी अर्ज करू नये, आणि ४९ दिवसांनंतरही करू नये. उशीर झालाच तर त्याचे सबळ कारण लेखी द्यावे लागते.

अर्जाचे दोन भाग असतात. पहिला आपण भरायचा, दुसरा डॉक्टरांनी. आपला भाग सादर झाला की ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा पावती क्रमांक मिळतो. तो डॉक्टरांच्या कार्यालयाला द्यावा लागतो, त्याशिवाय त्यांना आपला अर्ज सापडत नाही. अर्ज केला म्हणजे झाले असे समजून येथेच अनेक जणी थांबतात आणि दावा अर्धवट पडून राहतो.

मोठ्या रुग्णालयांत हा दुसरा भाग बहुधा डॉक्टर स्वतः भरत नाहीत. फॉर्म भरणारा स्वतंत्र विभाग असतो, आणि तेथील कर्मचाऱ्याच्या हाताला नेहमीचे वळण पडलेले असते: ड्यू डेट पाहायची, चार आठवडे मागे मोजायचे आणि ती तारीख लिहायची. आपले काम मात्र त्याच्या चार महिने आधी थांबलेले असते. म्हणून रुग्णालयाच्या पोर्टलवरून डॉक्टरांना आणि फॉर्म विभागाला एकच संदेश पाठवा: पावती क्रमांक, काम थांबल्याची तारीख, ज्या तपासणीत डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितले तिची तारीख, आणि हा दावा नेहमीच्या बाळंतपणाचा नसून गुंतागुंतीचा आहे, असे स्पष्ट वाक्य. निदान आणि त्याचा कोडही गुंतागुंतीचाच असला पाहिजे, नुसती ‘गरोदर’ अशी नोंद पुरत नाही. काही ठिकाणी फॉर्मसाठी शुल्क आकारतात आणि ते भरेपर्यंत कागद हलत नाही, हेही विचारून घ्यावे.

आपण लिहिलेली तारीख आणि डॉक्टरांनी लिहिलेली तारीख जुळलीच पाहिजे. कामाचा शेवटचा दिवस आणि आजारपण सुरू झाल्याचा दिवस हे दोन वेगळे रकाने आहेत, तेही नीट वाचून भरावेत.

तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही हा आपल्याकडील रिवाज येथे आड येतो, कारण दावा झाल्यावर ईडीडी मालकाला सूचना पाठवते. त्या सूचनेत निदान नसते. तरीही एचआरला ते पत्र आधी मिळावे आणि आपला निरोप नंतर, असे होऊ देऊ नये. पीडीएलसाठी शक्य असेल तेव्हा ३० दिवस आधी आणि अचानक त्रास झाल्यास शक्य तितक्या लवकर कळवायचे असते. मालक डॉक्टरांचे पत्र मागू शकतो, पण त्यात आजाराचे नाव असण्याची गरज नाही.

७. मंजुरीनंतर तारखांवर लक्ष ठेवा

पूर्ण अर्ज पोहोचल्यावर ईडीडी साधारण १४ दिवसांत निर्णय घेते. आधारकाळातील पगार आणि साप्ताहिक रक्कम दाखवणारे पत्र येते. त्यातील आकडे आपल्या पगाराच्या पावत्यांशी ताडून पाहा. हे पत्र म्हणजे मंजुरी नव्हे, केवळ हिशेब आहे.

डॉक्टरांनी लिहिलेल्या अखेरच्या तारखेला पैसे थांबतात. त्रास चालू असेल तर डॉक्टरांनी पुरवणी प्रमाणपत्र पाठवून मुदत वाढवावी लागते, आणि ते ती तारीख येण्यापूर्वीच सांगून ठेवावे. प्रसूतीनंतरही तारीख आणि प्रकार कळवावा लागतो. सिझेरियन झाले असूनही सहाच आठवडे लागले, असे याच कारणाने घडते.

८. दावा नाकारला गेला तर

पत्रावरील तारखेपासून ३० दिवसांत अपील करता येते. सोबत येणारा डीई १०००ए हा अर्ज त्यासाठीच असतो. प्रथम कारण वाचावे. बहुतेकदा ते तारखांची विसंगती किंवा अपुरे वैद्यकीय प्रमाणपत्र असते, आणि डॉक्टरांनी दुरुस्ती पाठवली की प्रश्न सुटू शकतो. पण दुरुस्तीच्या आशेवर ३० दिवस जाऊ देऊ नयेत; अपील दाखल करून ठेवावे. ते झाल्यास सुनावणी स्वतंत्र न्यायाधीशांपुढे होते आणि तेथे ती वही उपयोगी पडते.

९. एच-१बी आणि एच-४ वर असलेल्यांसाठी

नागरिकत्व किंवा व्हिसाचा प्रकार यावर या वेतनाची पात्रता अवलंबून नसते. एच-४ वर कामाचा परवाना घेऊन नोकरी करणारीच्याही पगारातून एसडीआय कापला जातो. एच-१बीच्या नियमांत बाळंतपणाची रजा हे पगार न देण्याचे वैध कारण म्हणून मान्य आहे, मात्र नोकरीचे नाते कायम असले पाहिजे. म्हणून रजेची मंजुरी, तिच्या तारखा आणि डॉक्टरांची पत्रे जपून ठेवा. पुढे मुदतवाढीच्या वेळी त्या महिन्यांत पगाराच्या पावत्या का नाहीत, हे दाखवता येते.

१०. बाळ झाल्यानंतर

डिसॅबिलिटीचा काळ संपला की पेड फॅमिली लीव्हचे, म्हणजे बाळासोबत राहण्यासाठी ईडीडीकडूनच मिळणाऱ्या वेतनाचे, आठ आठवडे मिळतात. डिसॅबिलिटीवर असलेल्या आईला त्याचा डीई २५०१एफपी हा अर्ज शेवटच्या हप्त्याच्या सुमारास आपोआप येतो, पण तो भरून पाठवावाच लागतो. वडिलांनी मात्र स्वतंत्र अर्ज करायचा असून त्यांची मुदत रजा सुरू झाल्यापासून ४१ दिवसांची असते. हे आठवडे बाळाच्या पहिल्या वर्षात केव्हाही, तुकड्यांतही घेता येतात. आजी भारतातून येणार असेल तर त्यानुसार काही आठवडे मागे ठेवणे सोयीचे पडते.

कराच्या बाबतीत, डिसॅबिलिटीची रक्कम सहसा करपात्र नसते, पण फॅमिली लीव्हच्या रकमेवर केंद्राचा कर लागतो, राज्याचा लागत नाही. तिच्यासाठी पुढच्या जानेवारीत १०९९-जी हा कराचा फॉर्म येतो. तो विवरणपत्र भरणाऱ्याच्या हाती द्यायला विसरू नये.